हिट, बीट, स्ट्राइक : शब्द तोच, अर्थ ओळखावा कसा?

2 एप्रिल 2011 च्या रात्री मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर महेंद्रसिंह धोनीने नुवान कुलसेकराला षटकार ठोकला आणि भारताने विश्वचषक जिंकला. या सामन्याचे इंग्रजीत अगदी साधे वर्णन करायचे तरी काय काय म्हणावे लागते, ते पाहण्यासारखे आहे. लसित मलिंगाने सुरुवातीलाच दोनदा ‘स्ट्राइक’ केले, म्हणजे सेहवाग आणि तेंडुलकर यांना बाद केले. गौतम गंभीरची 97 धावांची ‘नॉक’ डाव सावरणारी ठरली. धोनीने 79 चेंडूंत नाबाद 91 धावा केल्या, म्हणजे त्याचा ‘स्ट्राइक रेट’ 115 होता. शेवटचा षटकार त्याने ‘हिट’ केला आणि भारताने श्रीलंकेला सहा गडी राखून ‘बीट’ केले. हिट, बीट, स्ट्राइक, नॉक या चारही शब्दांचा शब्दकोशातला पहिला अर्थ मारणे, ठोकणे असाच आहे. प्रत्यक्षात चेंडू सोडला तर त्या रात्री कोणालाही मार बसला नव्हता.

शाळेत शब्दार्थ पाठ करताना वहीत एका शब्दासमोर एकच अर्थ लिहिलेला असतो. हिट म्हणजे मारणे, बीट म्हणजे मारणे, नॉक म्हणजे ठोठावणे. परीक्षेपुरते ते चालते. पुढे कंपनीतली ईमेल, शेअर बाजाराची बातमी, कोर्टाचा आदेश किंवा रुग्णालयाचा कागद समोर आला की त्या एका अर्थावर भागत नाही. वाक्यातले सगळे शब्द ओळखीचे असतात आणि तरीही वाक्य कळत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या असंख्य मुलामुलींची इंग्रजीविषयीची धास्ती मोठ्या, अवघड शब्दांमुळे नसते. ती अशा छोट्या, रोजच्या शब्दांमुळे असते, आणि या अडचणीकडे वर्गात पुरेसे लक्ष दिले जात नाही.

खरे तर मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. आपण हाक मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो, डुलकी मारतो, शाळेला दांडी मारतो, कागदावर शिक्का मारतो, भिंतीला रंग मारतो आणि विहिरीत उडी मारतो. यातल्या कशातही कोणाला इजा करण्याचा विचार नसतो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला ‘मारणे’ या एका क्रियापदाचा अर्थ सांगून काही उपयोग नाही. त्याला ‘हाक मारणे’, ‘दांडी मारणे’ अशा अख्ख्या जोड्याच शिकवाव्या लागतात. इंग्रजीतल्या मारण्याच्या शब्दांचेही तसेच आहे. शब्द एकटा शिकू नये, त्याच्या सोबत्यासह शिकावा. फक्त एक सावधगिरी हवी. मराठीतल्या जोड्या आणि इंग्रजीतल्या जोड्या जुळत नाहीत. ‘एक राउंड मारून येतो’ याचे इंग्रजी करताना तिथे ‘हिट’ घातले तर ऐकणाऱ्याला काहीच कळणार नाही, आणि ‘हिट द रोड’ म्हणजे रस्त्यावर काही आपटणे नव्हे, तर प्रवासाला निघणे.

आधी शब्दशः अर्थापुरता फरक पाहू. हिट म्हणजे एखादा फटका. चुकून लागलेलाही चालतो. डोके दाराला लागले तरी इंग्रजीत ते ‘हिट’च. बीट म्हणजे पुन्हा पुन्हा मारणे, बडवणे, झोडपणे. म्हणून अंडी फेटणे, ढोल बडवणे आणि हृदयाचे ठोके पडणे या तिन्हींना ‘बीट’ चालते, कारण तिन्हींमध्ये आघात लयीत आणि सलग होतो. स्ट्राइक हा त्यातला भारदस्त आणि अचानकपणा सूचित करणारा शब्द आहे. घरगुती बोलण्यात तो कमी आणि बातम्या, कायदा, इतिहास यांत जास्त. भावाने भावाला चापट मारली तर ती स्ट्राइक नसते. वीज पडली तर ती असते.

रूपांकडेही लक्ष द्यावे, कारण चुका तिथे हमखास होतात. हिटचे तिन्ही काळांतले रूप हिटच राहते, ‘हिटेड’ असा शब्द नाही. बीटचा भूतकाळ बीटच, पण त्याचे तिसरे रूप ‘बीटन’. स्ट्राइकचा भूतकाळ ‘स्ट्रक’, आणि त्याचे एक जुने रूप ‘स्ट्रिकन’ आजही विशेषणात टिकून आहे. दुष्काळ, दारिद्र्य, भीती यांना ते जोडले की मराठीतल्या ‘ग्रस्त’चे काम करते. ‘पॉव्हर्टी-स्ट्रिकन’ म्हणजे दारिद्र्याने गांजलेला. बातम्यांत तेच काम ‘हिट’सुद्धा करतो. मराठवाड्याच्या बातमीत ‘ड्रॉट-हिट’ दिसले की दुष्काळग्रस्त समजावे, ‘फ्लड-हिट’ दिसले की पूरग्रस्त.

आता स्ट्राइककडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण या सगळ्या शब्दांत त्याचा पसारा मोठा आहे आणि महाराष्ट्राच्या इतिहासाशी त्याचा जवळचा संबंध आहे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. इंग्रजी वर्तमानपत्रांत तो ‘स्ट्राइक’. मारण्याच्या शब्दाला संपाचा अर्थ कसा आला, याची हकीकत समुद्रावरची आहे. जहाजाची शिडे किंवा झेंडा खाली उतरवणे यालाही इंग्रजीत ‘स्ट्राइक’ म्हणत. 1768 साली इंग्लंडमधल्या खलाशांनी वेतनासाठी आपल्या जहाजांची शिडे उतरवली आणि जहाजे जागच्या जागी थांबवली. तिथून काम बंद पाडण्याला ‘स्ट्राइक’ हे नाव मिळाले. उतरवण्याचा हा अर्थ लक्षात ठेवला तर आणखी दोन प्रयोग आपोआप उलगडतात. गिर्यारोहकांनी ‘स्ट्राइक कॅम्प’ केले म्हणजे तंबू गुंडाळले, आणि नाटकवाल्यांनी ‘स्ट्राइक द सेट’ केले म्हणजे प्रयोगानंतर नेपथ्य उतरवले. या दोन्ही ठिकाणी संप किंवा हल्ला असा अर्थ लावणारा वाचक पार फसतो.

वीज आणि संप यांचा घोळ तर अनुवादकांना नेहमी अडवतो. ‘लाइटनिंग स्ट्राइक’ म्हणजे वीज कोसळणे. पण ब्रिटिश वर्तमानपत्रात रेल्वे कर्मचाऱ्यांच्या बातमीत हाच शब्द आला तर त्याचा अर्थ पूर्वसूचना न देता अचानक पुकारलेला संप असा असतो. कोण काम करते आणि बातमी कशाविषयी आहे हे पाहिल्याशिवाय अर्थ ठरवता येत नाही. ‘हंगर स्ट्राइक’ म्हणजे उपोषण. 29 सप्टेंबर 2016 नंतर घराघरांत पोहोचलेला ‘सर्जिकल स्ट्राइक’ आणि फेब्रुवारी 2019 मधल्या बालाकोटच्या कारवाईमुळे रुळलेला ‘एअर स्ट्राइक’ यांत मात्र शब्द आपल्या मूळ अर्थाजवळ आहे. ठरवलेल्या लक्ष्यावर अचानक घाव.

कायद्याच्या आणि व्यवहाराच्या भाषेत स्ट्राइक बहुतेक वेळा ‘काढून टाकणे’ या अर्थी येतो. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ ‘स्ट्रक डाउन’ केले, म्हणजे घटनाबाह्य ठरवून रद्द केले. कंपनी कायदा 2013 च्या कलम 248 खाली कंपनी निबंधक बंद पडलेल्या कंपनीचे नाव नोंदवहीतून ‘स्ट्राइक ऑफ’ करतो. छोटी खासगी कंपनी काढून ती न चालवलेल्या अनेक तरुण उद्योजकांना या शब्दाची नोटीस येते. ती हल्ल्याची किंवा संपाची नसते. नाव वगळण्याची असते आणि तिला मुदतीत उत्तर द्यायचे असते. यूट्यूबवर वाहिनी चालवणाऱ्यांना ‘कॉपीराइट स्ट्राइक’ माहीत असतो. दुसऱ्याचे गाणे किंवा चित्रफीत परवानगीविना वापरल्याची ती अधिकृत ठपक्याची नोंद. नव्वद दिवसांत असे तीन ठपके आले तर वाहिनी बंद होऊ शकते. तीनचा हा आकडा बेसबॉलमधला आहे. तिथे फलंदाजाने चेंडू मारायचा प्रयत्न करून तो हुकवला तर त्याला ‘स्ट्राइक’ म्हणतात, आणि असे तीन झाले की तो बाद. मारण्याचा शब्द न मारण्यासाठी वापरणारा हा खेळ आहे, म्हणून अमेरिकी लेखनात ‘थ्री स्ट्राइक्स’ वाचताना क्रिकेटचा अर्थ मनातून काढून टाकावा. कॅलिफोर्नियात 1994 साली वारंवार गंभीर गुन्हे करणाऱ्यांसाठी जो कडक कायदा झाला, त्यालाही याच नावाने ओळखतात.

याशिवाय काडी पेटवणे, घड्याळाचे टोल पडणे, जमिनीखाली तेल सापडणे, सौदा ठरणे, समतोल साधणे, एखादी कल्पना सुचणे, या सगळ्यांना स्ट्राइक चालतो. ‘इट स्ट्रक मी’ म्हणजे मला मारले नाही, माझ्या लक्षात आले. ‘स्ट्रायकिंग’ म्हणजे नजरेत भरणारे. कॅरममधला स्ट्रायकर आपल्या घरात असतोच. फुटबॉलमधला स्ट्रायकर म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू. शेअर बाजारात ऑप्शनचा ‘स्ट्राइक प्राइस’ म्हणजे ज्या भावाने पुढे खरेदी किंवा विक्री करायचा हक्क ठरवून घेतला तो भाव. इथे ‘सौदा ठरणे’ हा अर्थ लक्षात आला की बाजारातली ही संज्ञाही कोडे राहत नाही.

‘स्ट्रोक’ हा स्ट्राइकचा सख्खा भाऊ. क्रिकेटमधला फटका, पोहण्यातला हात, कुंचल्याचा फटकारा, टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक इंजिनातली दट्ट्याची वरखाली हालचाल, हे सगळे स्ट्रोक. मात्र क्रियापद म्हणून ‘स्ट्रोक’ आला तर अर्थ एकदम मऊ होतो. मांजराला ‘स्ट्रोक’ करणे म्हणजे त्याच्या अंगावरून हात फिरवणे, त्याला गोंजारणे. स्ट्राइकचा जुन्या इंग्रजीतला अर्थही हलकेच घासत जाणे असाच होता, म्हणून हे दोन टोकांचे अर्थ एका कुळात नांदतात.

रुग्णालयाच्या कागदावरचा ‘स्ट्रोक’ मात्र नीट ओळखायलाच हवा. हा हृदयविकाराचा झटका नव्हे. मेंदूचा रक्तपुरवठा अचानक खंडित झाला किंवा मेंदूत रक्तस्राव झाला की त्याला स्ट्रोक म्हणतात. आपल्याकडे त्याला पक्षाघात म्हणतात आणि लकवा मारला असेही बोलतात. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही त्याची लक्षणे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून वेळ न घालवता 108 ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जावे. ‘हीट स्ट्रोक’ म्हणजे उष्माघात. विदर्भातल्या उन्हाळ्यात हा शब्द वर्तमानपत्रात रोज दिसतो आणि त्याची पक्षाघाताशी गल्लत करून उपयोग नाही; दोन्हींवरचे उपचार वेगळे आहेत.

बीटच्या बाबतीत मराठी भाषकांकडून होणारी सर्वांत मोठी चूक ‘जिंकणे’ या शब्दापायी होते. ‘भारताने ऑस्ट्रेलियाला जिंकले’ असे कोणी बोलून गेले तरी मराठीत चालून जाते, पण इंग्रजीत ‘विन’ हा शब्द सामना, करंडक, निवडणूक यांच्यासाठी असतो. प्रतिस्पर्ध्यासाठी ‘बीट’ लागतो. 25 जून 1983 रोजी लॉर्ड्सवर भारताने अंतिम सामना ‘वन’ केला आणि वेस्ट इंडिजला 43 धावांनी ‘बीट’ केले. मुलाखतीत, स्पर्धेच्या वृत्तांतात, बक्षीस समारंभाच्या भाषणात ही चूक फार ऐकू येते. हा एक नियम पक्का केला तरी बोलणे लगेच सुधारते. क्रिकेटच्या समालोचनात फलंदाज ‘बीटन’ झाला असे म्हणतात, तेव्हा तो हरलेला किंवा बाद झालेला नसतो. चेंडूने त्याला चकवले, बॅटला स्पर्श न होता तो निघून गेला, एवढेच.

‘बीट’ हा शब्द सरकारी मराठीतही घर करून बसला आहे. पोलीस ठाण्याच्या हद्दीचे छोटे भाग म्हणजे बीट, आणि त्यात दुचाकीवरून फिरणारे बीट मार्शल. वनखात्यात वनरक्षकाकडे सोपवलेल्या क्षेत्रालाही बीट म्हणतात. खात्याच्या कागदांत त्याला नियतक्षेत्र हा चांगला मराठी शब्द आहे. पत्रकारांचेही बीट असते: गुन्हे, महापालिका, शिक्षण. पाय आपटत ठरलेल्या वाटेने फिरणे यातून हा अर्थ आला. ‘ऑफ द बीटन ट्रॅक’ म्हणजे वर्दळीची, पायांनी तुडवून मळलेली वाट सोडून. तिथेही तोच धागा आहे. दरवर्षी 29 जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात होणारा ‘बीटिंग रिट्रीट’ म्हणजे कोणाला हाकलून लावणे नव्हे. सूर्यास्ताला ढोल वाजवून सैनिकांना छावणीत परत बोलावण्याची ती जुनी लष्करी प्रथा आहे. ‘बीट अबाउट द बुश’मध्ये शिकारीतला हाका आहे. झुडपे बडवून जनावर उठवायचे, पण स्वतः पुढे व्हायचे नाही. त्यावरून मुद्द्याला हात न घालता आडवळणाने बोलणे. ‘बीट द हीट’ म्हणजे उकाड्यावर मात करणे, ‘बीट द ट्रॅफिक’ म्हणजे गर्दी व्हायच्या आत निसटणे, ‘बीट्स मी’ म्हणजे मला कळत नाही बुवा, आणि ‘बीट इट’ म्हणजे चालता हो. शेवटचा प्रयोग उद्धट आहे. तो ऐकून कळला पाहिजे, पण वडीलधाऱ्यांशी किंवा वरिष्ठांशी कधीच वापरू नये.

याच अर्थाचे, पण लॅटिन आणि फ्रेंचमधून आलेले दुसरे एक कुटुंबही इंग्रजीत आहे. लॅटिनमध्ये मारण्याला ‘बात्तुएरे’ म्हणत. त्यातून ‘बॅटर’ आला: भज्यांचे फेटलेले पीठही बॅटर आणि मारहाण करणेही बॅटर. क्रिकेटमधला बॅटर हा बॅट या शब्दापासून बनला आहे. 2021 च्या सप्टेंबरमध्ये एमसीसीने नियमांत ‘बॅट्समन’ऐवजी तो आणला, कारण महिला खेळाडूंनाही तो सारखाच लागू पडतो. त्याच लॅटिन मुळातून ‘बॅटरी’ आली. आधी मारहाण, मग भिंती फोडणाऱ्या तोफांची रांग, आणि अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने विजेच्या बरण्यांच्या रांगेला तेच नाव दिल्यावर आजच्या विजेरीपर्यंत. ‘कॉम्बॅट’, ‘डिबेट’ आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रातली ‘रिबेट’ हीसुद्धा याच घरची माणसे. रिबेट म्हणजे ठोकून खाली आणलेली रक्कम, म्हणजेच सूट. एक मूळ सापडले की सहा शब्द हाती लागतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हा मार्ग जरूर अवलंबावा. शेतकऱ्याच्या घरातला तर एक शब्द आयताच हाताशी आहे. मळणीचे ‘थ्रेशर’ आणि झोडपणे या अर्थाचा ‘थ्रॅश’ हे मुळात एकच. म्हणून एखादा प्रश्न ‘थ्रॅश आउट’ करणे म्हणजे दाणे आणि भूस वेगळे होईपर्यंत त्याची चर्चा करणे.

हिटचे मूळ आणखी वेगळे आहे. नॉर्स भाषेत ‘हित्ता’ म्हणजे सापडणे, गाठ पडणे. ‘हिट अपॉन’ एखादी कल्पना म्हणजे ती अचानक सुचणे, यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. आज हिट बातम्यांत सर्वाधिक भेटतो. पावसाने, महागाईने, संपाने शहराला ‘हिट’ केले म्हणजे फटका बसला. कंपनीच्या नफ्याने ‘हिट’ घेतली, म्हणजे नफा घटला; चित्रपट ‘हिट’ झाला, म्हणजे चालला. एकच शब्द नुकसान आणि यश दोन्ही सांगतो, म्हणून तो नाम आहे की क्रियापद आणि त्याच्या मागे ‘टेक’ आहे की ‘बिकम’, हे पाहावे लागते. ‘हिट अँड रन’ मराठी वर्तमानपत्रांनी जसाच्या तसा घेतला आहे. जानेवारी 2024 च्या सुरुवातीला मालमोटारचालकांनी या गुन्ह्याच्या नव्या शिक्षेविरुद्ध आंदोलन केले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा हा शब्द खेडोपाडी पोहोचला.

हिटच्या काही जोड्यांत जराशा फरकाने अनर्थ होतो. दोन माणसांनी ‘हिट इट ऑफ’ केले म्हणजे त्यांचे पहिल्या भेटीतच छान जमले. कोणी कोणावर ‘हिट ऑन’ केले म्हणजे लगट केली. कार्यालयात ही तक्रारीची बाब ठरू शकते. ‘हिट आउट’ म्हणजे कडाडून टीका करणे, ‘हिट बॅक’ म्हणजे प्रत्युत्तर देणे. आणि क्रिकेटचा षटकारही इंग्लंडमध्ये कर्मवाच्य झाला की उलटतो. एखादा माणूस किंवा एखादे घर ‘हिट फॉर सिक्स’ झाले म्हणजे त्याची पार दाणादाण उडाली.

इंग्रजी मथळ्यांचा एक स्वतंत्र धडा करायला हवा. जागा कमी म्हणून तिथे मारण्याचे छोटे शब्द हमखास वापरले जातात. न्यायालय सरकारला ‘रॅप’ करते, म्हणजे ताशेरे ओढते. त्याचा रॅप गाण्याशी संबंध नाही. विरोधी पक्ष ‘स्लॅम’ करतो, म्हणजे झोड उठवतो. प्राधिकरण दंड ‘स्लॅप’ करते, म्हणजे ठोठावते. आपल्या मराठी मथळ्यांतही दणका, झटका, तडाखा, चपराक, टोला यांची रेलचेल असते, त्यामुळे अनुवाद करताना या दोन संचांना समोरासमोर ठेवले की काम सोपे होते. इथे मराठी कमी पडत नाही. थप्पड, चापट, धपाटा, गुद्दा, बुक्की, रट्टा, टप्पल, टिचकी अशा प्रत्येक मारासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, आणि अनुवादकाने सरसकट ‘मारले’ लिहून ही श्रीमंती वाया घालवू नये.

नॉकमधला ‘के’ उच्चारत नाहीत. गॅरेजमध्ये ‘इंजिन नॉकिंग करतंय’ असे मिस्त्री सांगतो, तो शब्द अगदी बरोबर आहे. इंधन अवेळी पेटून होणारा तो ठकठक आवाज. चाकणच्या वाहन कारखान्यांत काम करणाऱ्यांना ‘सीकेडी’ परिचयाचे असते. त्यातला ‘नॉक्ड डाउन’ म्हणजे पूर्ण सुटे केलेले. परदेशातून गाडी सुट्या भागांत आणून इथे जोडली तर आयात शुल्क तयार गाडीपेक्षा कमी लागते. मात्र रस्त्यावर माणूस ‘नॉक्ड डाउन’ झाला तर त्याला वाहनाने धडक दिलेली असते. ‘नॉक ऑफ’ म्हणजे काम थांबवणे किंवा किंमत कमी करणे, आणि नाम म्हणून नकली माल. ‘नॉक अप’बाबत परदेशी जाणाऱ्यांनी विशेष जपावे. इंग्लंडमध्ये याचा जुना अर्थ दार ठोठावून उठवणे असा होता. गिरणी कामगारांना पहाटे लांब काठीने खिडकी वाजवून उठवणारे ‘नॉकर-अप’ तिथे पैसे घेऊन हे काम करत. अमेरिकेत मात्र त्याचा अर्थ एखाद्या स्त्रीला गरोदर करणे असा होतो आणि तो असभ्य मानला जातो.

पंच आणि किक यांचे अर्थ त्या मानाने लवकर आवाक्यात येतात. कागदाला भोक पाडण्याचा पंच, हजेरीचे पंचिंग आणि विनोदातली पंचलाइन आपण वापरतोच. पेय असलेला पंच मात्र आपल्या ‘पाच’वरून गेला, असे बहुतेक कोश सांगतात: मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला हे त्याचे पाच घटक. ‘किक ऑफ’ म्हणजे सुरुवात, औषध ‘किक इन’ झाले म्हणजे त्याचा गुण येऊ लागला, ‘किकबॅक’ म्हणजे व्यवहारातली लाच, जो शब्द 1987 साली बोफोर्स प्रकरणाने भारतभर नेला. ‘आय अॅम सो किक्ड’ म्हणजे मी अगदी खूश आहे, हा प्रयोग भारतीय इंग्रजीपुरता आहे. लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या सहकाऱ्याला तो लिहिला तर तो गोंधळेल.

पोलीस आणि न्यायालय यांच्याशी संबंध आला तर एका शब्दाचा अर्थ अचूक माहीत असावा. ‘असॉल्ट’ म्हणजे मारहाण, असे सर्रास समजले जाते. भारतीय कायद्यात तसे नाही. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम 351 आणि 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 130 यांनुसार, आता हा आपल्यावर बळ वापरणार अशी समोरच्याला भीती वाटेल असा हावभाव किंवा तयारी म्हणजे असॉल्ट. अंगाला बोट लागायची गरज नाही. प्रत्यक्ष बळ वापरले तर ‘क्रिमिनल फोर्स’, इजा झाली तर ‘हर्ट’. महाराष्ट्रात ‘353 लावला’ असे ज्याच्याविषयी बोलत आणि आता ज्याचे कलम 132 झाले आहे, त्या सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्याच्या गुन्ह्यातही असॉल्ट हाच शब्द आहे. इंग्रजीत तक्रार लिहिताना खरोखर मार बसला असेल तर केवळ ‘असॉल्ट’ लिहून थांबू नये. कोणी, कशाने, कुठे मारले आणि काय इजा झाली, हे साध्या शब्दांत लिहावे.

मग अभ्यास करायचा कसा? वाक्य समोर आले की आधी मारणारा कोण, ते शोधावे. तो पाऊस, किंमत, विचार, घड्याळ किंवा न्यायालय असेल तर अर्थ शब्दशः नाही हे नक्की. मग मार कोणाला बसतो, ते पाहावे. रस्ता, पुस्तके, समतोल, सौदा यांना मार बसत नाही. शेवटी क्रियापदाला चिकटलेला छोटा शब्द पाहावा: ऑफ, अप, आउट, ऑन, डाउन. बहुतेक वेळा खरा अर्थ त्याच्यापाशी असतो. एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर कोश उघडावा, पण तो उघडताना पहिल्या अर्थावर थांबू नये. इंग्रजी-मराठी खिशातल्या कोशांत जोड्यांना पुरेशी जागा नसते. शिकणाऱ्यांसाठी रचलेला कोश वापरावा. ए. एस. हॉर्न्बी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना सहकाऱ्यांसोबत तयार केलेला कोश 1942 मध्ये तोक्योत छापला गेला, तोच आज ऑक्सफर्डचा अॅडव्हान्स्ड लर्नर्स कोश म्हणून ओळखला जातो. त्यात प्रत्येक शब्दाच्या नोंदीअखेर वाक्प्रचार आणि जोडक्रियापदे वेगळी दिलेली असतात, आणि तो इंटरनेटवर मोफत पाहता येतो. सुरुवात नोंदीच्या या शेवटच्या भागापासून करावी.

वही ठेवायची तर तिच्यात सुटे शब्द लिहू नयेत. पूर्ण वाक्य लिहावे, ते कुठे वाचले ते लिहावे आणि समोर मराठी वाक्यही पूर्ण लिहावे. ज्या जोड्या बोलीतल्या किंवा उद्धट आहेत त्यांच्यापुढे तशी खूण करावी; त्या समजल्या पाहिजेत, अर्जात किंवा मुलाखतीत वापरायच्या नाहीत. शिक्षकांनीही फळ्यावर ‘हिट म्हणजे मारणे’ एवढेच लिहून पुढे जाऊ नये. त्याच तासाला त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली अशी वाक्ये मुलांकडून शोधून घ्यावीत आणि त्यांचे मराठी त्यांनाच करू द्यावे.